फ्लॅटवर सरकारी बँकेचं कर्ज हवंय? आधी इमारतीची फाइल लावा

रिसेलचा फ्लॅट सरकारी बँकेच्या कर्जावर विकला जायचा असेल, तर बँक दोन गोष्टी तपासते. एक म्हणजे घेणारा माणूस: त्याचा पगार, सिबिल, आयकर विवरणपत्रं. दुसरी म्हणजे ती अख्खी इमारत. घेणारा आपली तयारी करूनच येतो. इमारतीची तयारी मात्र कुणाच्याच अंगावर नसते. विकणाऱ्याला वाटतं कमिटी बघेल, कमिटीला वाटतं हा त्याचा खासगी व्यवहार, आणि बिल्डर कधीच दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. मग विसार दिलेला, साठेखत झालेलं, आणि बँकेचं पत्र येतं की मालमत्तेची कागदपत्रं अपुरी आहेत.

मी सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले आणि आता सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीची सचिव आहे. आधी या फायली तपासत होते, आता तयार करून देते. पुण्यात चांगल्या, मजबूत, राहायला सुखाच्या इमारती निव्वळ कागदापायी कर्जाला अपात्र ठरतात आणि त्याची झळ बसते ती घर विकण्याची निकड असलेल्या माणसाला. शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंना काकांच्या उपचारांसाठी फ्लॅट विकायचा होता. कर्ज होत नाही हे कळताच पगारदार गिऱ्हाइकं गेली. उरले ते सगळे पैसे स्वतःजवळ असलेले, आणि त्यांनी भाव पाडूनच मागितला. म्हणून हे सगळं कमिटीच्या लोकांसाठी लिहिते आहे. कुणी विकायला काढण्याच्या आधीच फाइल तयार हवी.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत फ्लॅट घेत होती, तेव्हा तिथली पद्धत मी बारकाईने समजून घेतली. तिकडे फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाची सरकारी यंत्रणा गृहकर्जाला विमा देते, पण त्यासाठी त्या कॉन्डोमिनियमच्या, म्हणजे आपल्या अपार्टमेंटसारख्या इमारतीच्या, संघटनेला आधी स्वतःची मंजुरी घ्यावी लागते. साधारण निम्म्या घरांत मालक स्वतः राहत असावेत. काही अटी पाळल्या तर ३५ टक्क्यांवरही चालतं. देखभाल खर्च ६० दिवसांहून जास्त थकवणारी घरं १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. वार्षिक अंदाजपत्रकाच्या किमान १० टक्के रक्कम राखीव निधीत जावी. दुकानं-कार्यालयांची जागा ३५ टक्क्यांच्या आत असावी. मंजुरी तीन वर्षं टिकते आणि मंजूर इमारतींची यादी कुणालाही बघता येते. इमारत यादीत नसली तरी २०१९ च्या नियमांनंतर एखाद्या सुट्या घरालाही अटींवर मंजुरी मिळू शकते.

आपल्याकडे जुन्या इमारतींची अशी यादी नाही. नवीन प्रकल्पांना बँका आधी मंजुरी देऊन ठेवतात, पण वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीतला प्रत्येक फ्लॅट विकताना सगळी चौकशी पहिल्यापासून होते. म्हणून आपली फाइल हीच आपली मंजुरी समजायची. थकबाकी आणि राखीव निधीचे ते आकडे आपल्याला बंधनकारक नाहीत, तरी आपली इमारत त्यात बसते का, हे कमिटीने एकदा मांडून बघावं. आम्ही बघितलं आणि थकबाकीवर बसूनच बोलावं लागलं.

आधी ठरवा: सोसायटी की अपार्टमेंट

हा प्रश्न पुण्यात फार महत्त्वाचा आहे. मुंबईत बहुतेक इमारती सहकारी गृहनिर्माण संस्था असतात. आपल्याकडे कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी, सहकारनगर, कुठेही जा, निम्मे लोक सांगतील, ‘आमची सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे.’ फाटकावर पाटी काहीही असो. सोसायटी १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते आणि तिच्या सभासदाकडे भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट असतं. अपार्टमेंट १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली येतं. तिथे बिल्डर किंवा जागामालक आधी घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन नोंदवतो आणि मग प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्यात जमिनीतला आणि सामाईक जागेतला तुमचा हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो.

अडचण येते ती अशी. बँकेच्या कर्ज केंद्रातली यादी सोसायटी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. तिथला मुलगा शेअर सर्टिफिकेट मागतो. अपार्टमेंटमध्ये ते नसतंच. मग विकणारा घाबरतो, एजंट सांगतो की करून घेऊ कुठून तरी. असं काही करू नका. अपार्टमेंटच्या संघटनेने आपल्या लेटरहेडवर पत्र द्यावं: ही इमारत १९७० च्या अधिनियमाखाली आहे, घोषणापत्र अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात अमुक क्रमांकाने, अमुक तारखेला नोंदलेलं आहे, येथे भाग प्रमाणपत्र देण्याची तरतूद नाही, सदर फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट अमुक क्रमांकाचं आहे. सोबत घोषणापत्राची पूर्ण प्रत जोडावी. पहिलं पान आणि सह्यांचं पान एवढंच जोडलं तर बँकेने नेमलेला, पॅनेलवरचा वकील फाइल परत पाठवतो, कारण त्याला टक्केवारीचं परिशिष्ट बघायचं असतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. घोषणापत्र झालं, पण काही फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट झालंच नाही. पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेला करारनामा तेवढा आहे, तोच पुढे दोनदा विकला गेला. तुमच्या इमारतीत असे फ्लॅट किती, याचा तक्ता आजच करा. बिल्डर हाताशी असेल तोवर सगळ्यांची डीड एकत्र उरकून घ्या. तो सापडत नसेल किंवा टाळत असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमिनीचा हक्क नावावर करून घेण्याचा मार्ग अपार्टमेंटलाही खुला आहे.

जमीन कुणाच्या नावावर आहे

सोसायटीच्या बाबतीत वकिलाचा पहिला प्रश्न कन्व्हेयन्सचा. जमीन संस्थेच्या नावावर झाली का? झाली नसेल तर कर्ज मिळतच नाही असं नाही. बँका अशा इमारतींत कर्ज देतात, पण मूळ मालकापासूनची साखळी मग जास्त काटेकोरपणे तपासली जाते, आणि जागामालकाच्या वारसांचा वाद निघाला की काम अडकतं. मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट, हा कायदा १९६३ चा आहे, त्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय नंतर झाली. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना सातमध्ये, २,००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करायचा. सोबत नोंदलेले करारनामे, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचा ठराव आणि बिल्डरला पाठवलेली नोटीस. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

आदेश हातात आला की बऱ्याच कमिट्या पेढे वाटून थांबतात. तिथे थांबू नका. आदेशानंतर दस्ताचा अभिनिर्णय होऊन, म्हणजे मुद्रांक कार्यालयाकडून तपासणी होऊन, मुद्रांक शुल्क ठरतं, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होते आणि त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफार होऊन संस्थेचं नाव लागतं. बँकेचा वकील मिळकत पत्रिका बघतो. तिथे अजून जागामालकाचंच नाव असेल, तर तुमचा आदेश कपाटात असून त्याला उपयोग नाही.

सातबारा ऑनलाइन बघता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत मिळतो. वर्षातून एकदा तो काढून इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. तिथे जुना बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम, किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा दिसला, तर विक्री निघण्याआधी त्यावर काम सुरू करा. वर्ग २ म्हणजे विक्रीला आणि गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणार. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर वसलेल्या भागांत किंवा सरकारने संस्थांना दिलेल्या जमिनींवर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून झालेल्या बांधकामांबद्दल, स्पष्टच लिहिते. धायरी, नऱ्हे, आंबेगाव पट्ट्यात एकाच सातबाऱ्यावर पुष्कळ नावं असलेल्या जागेवर चार मजली इमारती उभ्या आहेत. बांधकामाला ग्रामपंचायतीच्या पत्राखेरीज काही परवानगी नाही. त्यातलं घर कितीही छान असलं तरी सरकारी बँकेचा वकील तिथेच थांबतो. धायरी २०१७ मध्ये आणि नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण हद्दीत आल्याने जुनं बांधकाम आपोआप अधिकृत होत नाही. त्यासाठी नियमितीकरणाचा अर्ज आणि शुल्क हाच रस्ता आहे. ‘आमच्याकडे कर्ज करून देणारा माणूस आहे’ असं सांगून असे फ्लॅट तरुण जोडप्यांना विकले जातात, याचा मला मनापासून राग येतो. ते कर्ज बहुधा चढ्या व्याजाचं असतं, आणि पुढे विकताना तीच अडचण त्यांच्या वाट्याला येते.

कंप्लिशन

भोगवटा पत्र, पूर्णत्वाचा दाखला, लोक काहीही म्हणोत, पुण्यात सगळे ‘कंप्लिशन’ म्हणतात. इमारत परवानगीप्रमाणे बांधून झाली, असा हा महापालिकेचा दाखला. हा एक कागद नसल्यामुळे अडलेली प्रकरणं मी सर्वांत जास्त पाहिली. त्यात तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला प्रकार, कागद आहे पण सापडत नाही. बिल्डरने पहिल्या अध्यक्षांना दिला होता, ते मुलाकडे बंगळुरूला गेले. अशा वेळी महापालिकेच्या बांधकाम विकास विभागाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. त्यासाठी सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि बांधकाम परवानगीचा, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेटचा क्रमांक लागतो. तो क्रमांक बहुतेक जुन्या करारनाम्यांत छापलेला असतो, म्हणून इमारतीतला सर्वांत जुना करारनामा शोधा. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील. नकाशाची प्रतही त्याच अर्जात मागा.

दुसरा प्रकार, पार्ट कंप्लिशन. ए विंगला मिळालं, बी विंग त्यातून सुटली. किंवा पाच मजल्यांना मिळालं आणि वरचे दोन फ्लॅट नंतर चढवले. दाखला वाचताना तारीख आणि शिक्का बघून समाधान मानू नका. त्यात कोणत्या विंगचे, कोणत्या मजल्याचे, कोणते फ्लॅट लिहिलेत, ते करारनाम्यांशी ताडून बघा. फ्लॅटचे क्रमांक नंतर बदललेले असतील तर तसं पत्र तयार ठेवा.

तिसरा प्रकार, दाखला मुळात घेतलेलाच नाही. इथे चांगला आर्किटेक्ट नेमून नकाशाप्रमाणे काय आहे आणि काय नाही याची पाहणी करून घ्यावी लागते. बिल्डरने साइड मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, बांधलेली खोली, पार्किंगमध्ये काढलेलं ऑफिस, भरायचं राहिलेलं शुल्क, अशी कारणं निघतात. काही दुरुस्त करता येतात, काहींना दंड भरून नियमित करता येतं. वेळ लागतो, खर्चही येतो, पण तो इमारतीतल्या सगळ्यांच्या किमतीत परत मिळतो. सर्वसाधारण सभेत हा मुद्दा धीराने समजावून सांगा. ‘मला विकायचंच नाही, मी का पैसे भरू?’ असं म्हणणाऱ्या सभासदाला विचारा, की तुमच्या मुलांना कधी विकावं लागलं तर?

बँकेचा व्हॅल्युअर येतो तेव्हा

व्हॅल्युअर, म्हणजे फ्लॅटची किंमत ठरवणारा बँकेचा माणूस, नकाशा हातात घेऊन येतो. बंदिस्त केलेली बाल्कनी, टेरेसवरचा पत्रा, दोन फ्लॅट जोडताना पाडलेली भिंत, सगळं त्याच्या अहवालात जातं. वाढीव बांधकामाचं मोल तो धरत नाही. शिवाय तो इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो, आणि कर्जाची मुदत संपल्यावरही इमारत काही वर्षं टिकावी ही बँकेची अपेक्षा असते. पंचेचाळीस वर्षांच्या इमारतीवर वीस वर्षांचं कर्ज मागणाऱ्याला म्हणूनच मुदत कमी करून मिळते.

इथे कमिटीच्या हातात एक ठोस गोष्ट आहे: संरचनात्मक तपासणी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. अहवाल आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीची बिलं एकत्र ठेवा. आमच्याकडे आलेले व्हॅल्युअर म्हणाले, ‘ताई, हे असलं की मला नजरेच्या अंदाजावर आयुष्य लिहावं लागत नाही.’ उंच इमारत असेल तर अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा जानेवारी आणि जुलैचा दाखला, म्हणजे नमुना बी, लिफ्टचा परवाना, हेही त्याच फाइलमध्ये.

घेणाऱ्याला एक सांगून ठेवा. कर्ज व्हॅल्युएशन आणि कराराची रक्कम यांतल्या कमी आकड्यावर मोजलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. हे आधी माहीत असलं की शेवटच्या आठवड्यात नातेवाइकांकडे धावपळ होत नाही.

हिशोब, निवडणूक आणि एनओसी

हिशोबाची तपासणी ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. हे पाळलं तर पुढचं सोपं असतं. लेखापरीक्षण अहवालाबरोबर दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे नमुना ओ, दिलेला आहे का ते बघा. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, हे उपविधींत आहे. महिन्याचा मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हे फंड न घेणाऱ्या कमिट्या पुढच्या सभासदांवर मोठा बोजा टाकतात.

कमिटीची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपली, निवडणूक झाली नाही आणि जुनेच सचिव सह्या करत असतील, तर त्यांनी दिलेल्या एनओसीवर, म्हणजे ना हरकत दाखल्यावर, वकील शंका घेऊ शकतो. घेतलेली मी पाहिली आहे.

एनओसीबद्दल कमिट्यांमध्ये फार गैरसमज आहेत. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचा ना हरकत दाखला सक्तीचा नाही, पण सभासदाने मागितला तर कमिटीने महिन्याच्या आत निर्णय घ्यायचा आहे. बँकेला गहाणासाठी तो लागतोच. बँकेचा ठरलेला नमुना असतो. तो वाचून, त्यातल्या प्रत्येक वाक्याची नोंद आपल्या दप्तरात आहे का हे तपासून सही करा: सभासदाचं नाव नमुना ‘आय’ आणि नमुना ‘जे’ या सभासदांच्या नोंदवह्यांत, भाग प्रमाणपत्राचा क्रमांक, थकबाकी, आधीचा बोजा. थकबाकी असेल तर आकडा लिहून द्या. पण ‘डोनेशन’ दिल्याशिवाय एनओसी नाही, असं म्हणू नका. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि अडवून धरलेल्या एनओसीमुळे बँकेच्या मंजुरीची मुदत संपली तर नुकसान आपल्याच शेजाऱ्याचं होतं.

एक उपयोगी सवय. गहाणाच्या नोंदवहीत प्रत्येक फ्लॅटपुढे कर्ज देणाऱ्या बँकेचं आणि शाखेचं नाव, वर्ष लिहा. नवीन घेणारा आला की त्याला सांगता येतं, या इमारतीत अमुक शाखेने कर्ज दिलेलं आहे. त्या शाखेच्या वकिलाने इमारतीच्या जमिनीचा शोध आधी घेतलेला असतो, त्यामुळे काम हलकं होतं.

पंतप्रधान आवास योजनेचं व्याज अनुदान

१ सप्टेंबर २०२४ पासूनच्या शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जुनं घर घेणाऱ्यालाही व्याज अनुदान मिळू शकतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. पुण्यात ३५ लाखांच्या आतलं घर म्हणजे धनकवडी, कात्रज, धायरीतल्या जुन्या इमारतींतले छोटे फ्लॅट. नेमक्या याच इमारतींची कागदपत्रं सर्वांत विस्कळीत असतात, आणि ज्या माणसाला त्या १ लाख ८० हजारांची खरी गरज आहे तोच मागे राहतो. अशा इमारतीच्या कमिटीवर असाल तर वरची सगळी कामं जरा लवकर हाती घ्या.

विकणाऱ्याचं स्वतःचं कर्ज बाकी असेल, तर घेणाऱ्याची बँक ते फेडून उरलेली रक्कम देते. त्यासाठी जुन्या बँकेचं बाकीचं पत्र आणि त्यांच्याकडे जमा असलेल्या मूळ दस्तांची यादी आधीच मागवून ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक आहे, उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना इंडेक्स टू, नोंदणीची पावती आणि मूळ करारनामा एकेक पान मोजून घ्या. सोसायटीने बँकेचं लेखी पत्र आल्यावरच जुना बोजा वहीतून उतरवावा, पण पत्र आलं की पुढच्या कमिटी मीटिंगसाठी थांबू नये. सचिवाने सही करून त्याच दिवशी नोंद घ्यावी आणि पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात ती दाखल करावी.